नऊ आठवड्यांत आठ किलो उतरवू का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या पानावर एमएमएबद्दल, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं होतं. बरीच पत्रं आली, बहुतेक आपल्या कोकणातली, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, पहिली फाइट लागलीय, आता काय करू. जमली तेवढी घेतोय.

प्रश्न: दादा, मी गुहागर तालुक्यातला, वय २२. शाळेपासून कबड्डी खेळतोय, रेडर आहे आणि गरज पडली तर कॉर्नरला पण खेळतो. दीड वर्ष झालं चिपळूणला जाऊन एमएमए शिकतोय. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईला माझी पहिली अमॅच्युअर फाइट आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७४ (गणपतीत वाढलंय). जिममधले सगळे म्हणतात फेदरवेटला उतर, ६५.८ ला, तिथे तूच सगळ्यात तगडा दिसशील, शेवटचे चार किलो पाणी तोडून दोन दिवसांत जातात. नऊ आठवडे हातात आहेत, करू का? आणि कबड्डीचा काही उपयोग होईल का?

उत्तर: नको करूस. हिशोबच मांडून दाखवतो. ७४ वरून ६५.८ म्हणजे आठ किलोच्या वर झाले. नऊ आठवड्यांत नीट जेवून, ताकद न घालवता तुझ्या बांध्याच्या मुलाचे चार किलो उतरतात, फार तर पाच. उरलेले तीन-चार तू शेवटच्या दोन दिवसांत घामाने काढणार, आणि ते पण आपल्या हवेत. घाम येतो तो अंग थंड करायला, पण अंग थंड होतं ते घाम वाळला तरच, आणि कोकणात घाम वाळत नाही, नुसता ओघळत राहतो. त्यावर प्लॅस्टिकचा सूट चढवलास की आतली उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही.

मी हे केलेलं आहे म्हणून सांगतोय. माझ्या पहिल्या बाउटच्या आधी रेनकोटची पँट आणि वर दोन स्वेटर घालून मे महिन्यात भर दुपारी रत्नागिरीत भाट्याच्या रस्त्यावर पळायचो, दोन दिवस पाणी जवळजवळ बंद, वजन बरोबर झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी दुसरा राउंड सुरू झाला तेव्हा पाय माझे नव्हतेच, समोरचा हात उचलतोय हे दिसत होतं पण डोकं बाजूला जात नव्हतं. मला काही झालं नाही हे माझं नशीब, आणि त्या वेळी तिथे असलेल्या एकाही मोठ्या माणसाने मला थांबवलं नाही याचा राग अजून आहे.

सगळ्यांचं नशीब तसं नसतं. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमएच्या फाइट भरवणाऱ्या संघटनेच्या मनिलातल्या शोच्या आधी यांग जियान बिंग हा चीनचा फायटर वजन उतरवताना कोसळला आणि गेला, २१ वर्षांचा होता. त्यानंतर त्या संघटनेने पाणी तोडून वजन करायलाच बंदी घातली आणि लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे का बघायला सुरुवात केली. आणि विनेश फोगाटचं तर आपण सगळ्यांनी बघितलं, पॅरिसला २०२४ मध्ये पहिल्या दिवशी वजनात बसली, एका दिवसात तीन कुस्त्या जिंकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं. एवढी मोठी पैलवान, सोबत डॉक्टर, आहार बघणारी माणसं, तरी अंगाने ऐकलं नाही, मग आपण जिममधल्या मित्रांच्या सल्ल्याने काय करणार आहोत?

म्हणून तू लाइटवेटला लढ, ७०.३ ला. ३.७ किलो, नऊ आठवडे, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास, हे जेवणातून होतं, सुटीचे दिवस धरून होतं. दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी वजन कर आणि वहीत लिही. रोज काट्यावर उभं राहू नकोस, रोजच्या चढउताराने उगाच जीव खाली-वर होतो. आयोजकांना आत्ताच विचार की वजन आदल्या दिवशी आहे की फाइटच्या दिवशी सकाळी, कारण आयएमएमएएफच्या, म्हणजे अमॅच्युअर एमएमएच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांमध्ये ते त्याच दिवशी सकाळी होतं आणि मग पाणी तोडणारा माणूस पाणी परत भरायच्या आत केजमध्ये, म्हणजे लढायच्या जाळीच्या पिंजऱ्यात असतो.

जेवणाचं. आपल्या घरच्या जेवणात वाईट काही नाही, फक्त खोबरं मोजायला शिक. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात आणि आपल्याकडे चौघांच्या कालवणाला अर्धा नारळ सहज वाटला जातो. आईला कालवण बंद कर म्हणू नकोस, तुझ्यापुरता बांगडा तव्यावर भाजून मागून घे, थोड्या तेलात. बांगडा, अंडी, चिकन, कुळथाची पिठी, दही, यातून दिवसाला १२० ते १४० ग्रॅम प्रोटीन सहज बसवता येतं आणि पावडरच्या डब्याला पैसे घालायची गरज नाही. भात सोडू नकोस, प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतरचा भात ठेव, रात्री उशिराचा कमी कर. आणि शेवटच्या आठवड्यात सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड बाजूला, कारण मीठ पाणी धरून ठेवतं आणि वजनाच्या सकाळी काटा एक किलो जास्त दाखवतो तेव्हा पोरं घाबरून नको ते करतात.

आता कबड्डी. उपयोग? भरपूर होईल, पण तीन सवयी तुला मोडाव्या लागतील आणि त्या मोडायला हे नऊ आठवडे लागतीलच.

पहिली म्हणजे डोकं. रेडर वाकून, हात पुढे काढून, डोकं पुढे घालून फिरतो, डुबकी मारतो, तिथे ते बरोबर आहे कारण तिथे कोणी तोंडावर मारत नाही. इथे असा गेलास की एकतर अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, नाहीतर मान त्याच्या काखेत आणि गिलोटिन, म्हणजे पुढून गळा आवळणं. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संघटनेत, भारतातून जाऊन लढणारा पहिला फायटर भारत खंडारे, त्याची २०१७ ची शांघायची फाइट पहिल्याच राउंडला गिलोटिनवर संपली, म्हणजे हा डाव किती वर पर्यंत चालतो ते बघ. तू पाय धरायला आत जाशील तेव्हा गुडघ्यातून खाली जा, कंबरेतून वाकू नकोस, मान ताठ, कपाळ त्याच्या छातीला किंवा बरगडीला चिकटलेलं. आपल्या पैलवानांचा एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, नीट शिकलास तर अर्धं काम झालं, जवळपास कुठे जुना पैलवान असेल तर त्याच्याकडे आठवड्यातून एक दिवस जा, पायाला हात लावून शिकवेल तो.

दुसरी, कॉर्नरला तू घोटा धरतोस आणि धरून पडून राहतोस, कारण बाकीचे सहा जण येतात. इथे कोणी येणार नाही. घोटा धरून जमिनीवर राहिलास तर तो वरून मारत राहील आणि रेफ्री फाइट थांबवेल. पाय हातात आला की उठायचं, पाय आपल्या दोन मांड्यांमध्ये दाबायचा आणि छातीने त्याला कडेला ढकलत न्यायचं.

तिसरी सवय सगळ्यात खोल गेलेली आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. रेडर पकडला गेला की तो काय करतो, पोटावर झोकून देतो आणि हात मध्यरेषेकडे ताणतो. ती जिद्द सोन्यासारखी आहे, खालून सुटून उठायला तीच लागते, पण एमएमएत तू पोटावर पडलास की तो तुझ्या पाठीवर असतो, पाय आत घालतो, हात गळ्याखाली, आणि तो चोक बसला की मेंदूचं रक्त अडतं आणि दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते. कुस्तीवाल्यांचं पण हेच होतं, पाठ टेकली की हरलो हे अंगात भिनलेलं असतं म्हणून ते उलटे वळतात. रोज दहा मिनिटं फक्त हेच कर, पाडून घे, कुशीवर वळ, एक हात जमिनीला, एक पाय खालून ओढून उठ, आणि उठताना पाठ भिंतीकडे असू दे. तुमच्या जिममध्ये केज नसेल, बहुतेक ठिकाणी नसतोच, तर भिंतीला मॅट उभी लाव आणि भिंतीला पाठ लावून तीन-तीन मिनिटं झटापट कर. पहिल्या फाइटचा निम्मा वेळ तसाही कुंपणाला टेकूनच जातो.

कबड्डीने तुला एक गोष्ट फुकट दिलीय, तोंडाने सतत श्वास सोडायची सवय. नवी पोरं मारताना श्वास धरतात आणि दीड मिनिटात संपतात. प्रत्येक फटक्याला श्वास सोड. पण लक्षात घे, रेड ३० सेकंदांची असते आणि मग तू परत आपल्या अंगणात येऊन दम घेतोस, इथे राउंड तीन मिनिटांचा, असे तीन, मध्ये एक मिनिट. पहिल्या ३० सेकंदांत भीतीने आणि आरडाओरड्याने अंगातली सगळी ताकद उसळते आणि पोरं तिथेच सगळं वापरून टाकतात. म्हणून जिममध्ये मुद्दाम दमून घे, ३० सेकंद बॅगवर जीव तोडून मार आणि लगेच, दम खायच्या आधी, ताज्या पार्टनरबरोबर तीन मिनिटांचा राउंड सुरू कर. दमलेला असताना शांत राहणं ही वेगळी कला आहे, ती मुंबईला जाऊन पहिल्यांदा करायची नसते.

स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. जोरात स्पारिंग आठवड्यातून एकदाच, १६ औंसच्या ग्लोव्हजमध्ये, माउथगार्ड आणि कप घालूनच. बाकीचे दिवस हलक्या हाताने, डावपेचांचं. शेवटचं जोरातलं स्पारिंग फाइटच्या किमान दहा दिवस आधी, त्यानंतर कोणी कितीही चढवलं तरी नाही. आणि ज्या दिवशी डोक्याला असा मार बसला की चक्कर आली, डोळ्यापुढे धूसर झालं, मळमळलं, तो दिवस तिथेच संपला. त्या दिवशी परत उभं राहायचं नाही, डॉक्टरने हो म्हणेपर्यंत पुढेही नाही. हेडगिअर घातलं म्हणून मेंदू वाचत नाही, त्याने कापाकापी कमी होते, मेंदू कवटीच्या आत हलायचा तो हलतोच. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड येणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन, आणि गावाकडच्या पोरांनी तर विशेष, कारण सीटी स्कॅन होणारं हॉस्पिटल आपल्या बऱ्याच गावांपासून लांब आहे आणि घाटात गेलेला वेळ परत मिळत नाही.

नियम लेखी मागून घे. आयएमएमएएफच्या नियमांत कोपर मारायला बंदी आहे, डोक्यावर गुडघा मारायला बंदी आहे, हील हुक, म्हणजे टाच पिळायचा डाव, बंद आहे, नडगीला शिनगार्ड असतात, पण प्रत्येक शो तेच नियम लावेल असं नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी च्या रक्ततपासण्या मागतायत का बघ, डोळ्यांचा पडदा तपासून घे, डॉक्टर आणि अँब्युलन्स जागेवर असणार का हे विचार. जिथे यातलं काहीच विचारत नाहीत, "फक्त ये आणि लढ" म्हणतात, तिथे जाऊ नकोस, मग पोस्टरवर तुझा फोटो छापून झालेला असला तरी.

प्रश्न: सर, पावसाळ्यात आमच्या जिममध्ये सगळ्यांना गजकर्ण झालंय, मला मांडीला आणि मानेला आहे. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत कमी होतं, परत येतं, आता जास्त पसरलंय. ऑक्टोबरच्या शेवटी फाइट आहे. (कणकवली)

उत्तर: ती ट्यूब आज बंद कर आणि तिच्यावर काय लिहिलंय ते वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली कमी होते म्हणून बरं वाटतं, पण बुरशी मरत नाही, उलट कातडी कमजोर होते आणि बुरशी आत आरामात वाढते, म्हणूनच तुझं पसरलंय. स्किनच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब सोबत घेऊन जा, आणि ते सांगतील तितके दिवस औषध घे, दिसेनासं झालं म्हणून मध्येच सोडू नकोस.

तोपर्यंत मॅटवर जायचं नाही. वाईट वाटेल, फाइट जवळ आलीय, पण तू पळू शकतोस, दोरी मारू शकतोस, घरी बॅग असेल तर बॅगवर काम करू शकतोस, फक्त कोणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. फाइटच्या आधी डॉक्टर अंग तपासतात आणि ओलं, चालू असलेलं इन्फेक्शन दिसलं तर बाहेर काढतात, आणि बरोबरच करतात.

हे जिमचं काम आहे तुझ्या एकट्याचं नाही. पावसात आपल्याकडे मॅट वाळतच नाहीत हे खरं आहे, तरी रोज प्रॅक्टिसनंतर ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने, आणि पंखा लावून ठेवा, एकावर एक रचून ठेवू नका. रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि शॉर्ट्स गरम पाण्यात धुवायचे, न वाळलेले परत घालायचे नाहीत, इस्त्री फिरवली तर उत्तम. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आणि घरातल्या कोणाला झालं असेल तर त्यांना पण डॉक्टरकडे न्या, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहतं.

प्रश्न: भाऊ, आम्ही मालवणचे. माझा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे, मोबाइलवर बघून बघून हे एमएमए डोक्यात घेतलंय. आता म्हणतो जानेवारीत फाइट आहे, सही करा. त्याचे बाबा ट्रॉलरवर असतात, महिन्यातून काही दिवस घरी. मी नाही म्हटलं तर बोलत नाही माझ्याशी. झिलाक काय झाला तर मी कोणाक इचारू? खरं सांगा.

उत्तर: ताई, तुमची भीती चुकीची नाही आणि ती मुलाला सांगायला लाजू नका. डोक्यावर मार बसणारा खेळ आहे हा, त्यात धोका नाही असं म्हणणारा कोच असेल तर त्याच्याकडे मुलाला ठेवू नका.

माझं मत विचाराल तर, अठरा पूर्ण व्हायच्या आधी डोक्यावर मार असलेली फाइट नको. सही करू नका. पण खेळ बंद करा असंही मी म्हणणार नाही, कारण सतराव्या वर्षी रोज संध्याकाळी दोन तास घाम गाळणारा मुलगा कुठल्या कुठल्या गोष्टींपासून लांब राहतो ते तुम्हाला मी सांगायला नको. मधला रस्ता आहे. ज्युडो, कुस्ती, जिउ-जित्सू यांच्या स्पर्धांमध्ये डोक्यावर मारणं नसतं, तिथे त्याला उतरू दे. पकड, पाडणं, सुटणं, हरल्यावर हात मिळवणं, गर्दीसमोर उभं राहणं, सगळं तिथे शिकता येतं आणि पुढे एमएमएला तेच लागतं.

एकदा त्याच्या जिममध्ये जाऊन या, न सांगता, संध्याकाळच्या बॅचला. लहान मुलांना मोठ्यांसमोर स्पारिंगला उभं करतात का, कोणी टॅप केलं, म्हणजे हार मानून हात आपटला, की लगेच सोडतात की हसतात, रक्त आलं तर काय करतात, हे अर्धा तास बसलात तरी कळेल. कोचला विचारा की गेल्या वर्षी तुमच्याकडे कोणाला काय काय लागलं. जो नीट आठवून सांगतो तो लक्ष ठेवणारा माणूस असतो.

आणि मुलाला, तू हे वाचत असशील तर, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, जानेवारीत फाइट लावणाऱ्याने तुझं काही भलं बघितलेलं नाही. आईशी बोल.

प्रश्न: भाट्ये बीचवर रोज अनवाणी पळालं तर स्टॅमिना वाढेल का? (रत्नागिरी)

उत्तर: वाढेल, पण रोज नको, आठवड्यातून दोनदा. भुसभुशीत वाळूत पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या शिरेवर फार ताण येतो, फाइटच्या आधी ती दुखावली की सहा-सहा आठवडे लंगडायला लावते. ओहोटीला जा, पाण्याजवळच्या कडक ओल्या वाळूवर पळ, आणि येताना-जाताना बाजू बदलली जाईल याकडे लक्ष दे, कारण किनारा उतरता असतो. पावसाळा संपल्यावर पहिले काही दिवस बूट घाल, समुद्र काचा आणून टाकतो.

प्रश्न: दादा, मी सावंतवाडीची, वय २०, चार वर्षं ज्युडो केलंय. ५२.२ ला पहिली फाइट घ्यायची आहे, वजन ५३ असतं पण पाळीच्या आधी दीड किलो वाढतं. जिममध्ये मी एकटीच मुलगी. मुलं एकतर हातच लावत नाहीत किंवा मुद्दाम जोर दाखवतात. घरी म्हणतात लग्नाआधी नाक मोडून घेशील.

उत्तर: घरच्यांना काय सांगायचं ते तू जास्त जाणतेस. पण पूजा तोमरचं नाव त्यांना सांग, उत्तर प्रदेशातल्या छोट्या गावातली मुलगी, वुशू खेळत आली आणि जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

पाळीच्या आधी वाढतं ते पाणी, चरबी नाही, ते आपोआप जातं. फाइटची तारीख पक्की करायच्या आधी कॅलेंडर समोर ठेव, आणि तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर सरळ तुमच्या कोचला सांग, यात लाजण्यासारखं काही नाही, पुरुष कोचला हे कळत नसेल तर त्याला कळायला हवं. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायचा विचार असेल तर आधी बाईंच्या डॉक्टरला विचार, मैत्रिणीला नाही.

पार्टनरचं जास्त महत्त्वाचं. सगळ्या मुलांबरोबर स्पारिंग करू नकोस, दोनच निवड, वजनाने हलके आणि स्वभावाने शांत, आणि त्यांना आधीच सांग की आज फक्त पकडीचं, आज फक्त हाताचं, जोर किती ते मी सांगणार. जोर दाखवणाऱ्याबरोबर उभी राहू नकोस, त्यातून शिकायला काही मिळत नाही, फक्त मार मिळतो. आणि तुला मुंबईपेक्षा गोवा जवळ आहे, महिन्यातून दोन रविवार म्हापसा-पणजीकडे जिथे मुली शिकतात तिथे जा, मुलीबरोबरचा एक तास इथल्या आठवड्याला भारी पडेल. ज्युडोवाल्या मुलींना मी एक नेहमी सांगतो, कॉलर धरायची सवय विसर, इथे कॉलर नाही, काखेखालून हात घालायला आत्तापासून शिक. तुझी कमरेवरून फेक चालेल, मस्त चालेल, पण फेकून झाल्यावर थांबू नकोस, इथे इप्पोन, म्हणजे ज्युडोतल्यासारखा एका फेकीत पूर्ण विजय, नाही.

प्रश्न: डिसेंबरला माझी पहिली फाइट. माझे बाबा हर्णैला मासेमारी करतात, लहानपणापासून त्यांनीच मला पळायला नेलं, पोहायला शिकवलं. त्यांना कॉर्नरला बसवू का? त्यांना पण खूप हौस आहे.

उत्तर: हे वाचून मन भरून आलं, आणि तरी नको म्हणतोय.

कॉर्नरमधल्या माणसाकडे एकच मोठं काम असतं, तुला कळत नसतं तेव्हा फाइट थांबवणं. तुला मार बसतोय, तू म्हणतोयस मी ठीक आहे, रेफ्री बघतोय, अशा वेळी टॉवेल टाकायचा की नाही हे दोन सेकंदांत ठरवायचं असतं. बापाचं एकतर पहिल्याच फटक्याला काळीज फाटतं आणि तो फार लवकर थांबवतो, किंवा त्याला वाटतं आपण थांबवलं तर पोराला वाईट वाटेल, आणि तो फार उशीर करतो. दोन्ही मी डोळ्यांनी बघितलंय. कॉर्नरला तुझा कोच आणि रोज तुझ्याबरोबर प्रॅक्टिस करणारा एक मित्र ठेव, आणि आदल्या रात्री त्यांच्याशी स्पष्ट बोलून ठेव की कुठल्या परिस्थितीत थांबवायचं. थांबवलं तर मी रागावणार नाही, हे शब्द तू तोंडाने बोल, कारण ते ऐकलेलं नसेल तर कोचचा पण हात अडतो.

बाबांना दुसरं काम दे. वजन झाल्यावर पोटात पहिलं काय जाणार हे त्यांच्याकडे सोपव. उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, मोठ्या थर्मासमध्ये, आणि दोन शहाळी, मग तासाभराने भात आणि साधी आमटी. बाहेरचं बिर्याणी-पिझ्झा काही नाही, पोरं वजन झालं की हॉटेलात घुसतात आणि रात्रभर पोट धरून बसतात. पेज घोट घोट प्यायची, एकदम नाही. हर्णैहून मुंबईपर्यंत ती गरम राहत नाही, तेव्हा तांदूळ बरोबर न्या आणि जिथे उतराल तिथे बाबांना शिजवू दे, बोटीवर करतात तशी.